कासच्या रानफुलांचा डीएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कास, ठोसेघर, चाळकेवाडी, महाबळेश्वर, कोयना आणि सांगलीकडचे चांदोली या पट्ट्यातल्या रानवनस्पतींच्या जनुकीय अभ्यासाबद्दल विद्यार्थी, गाईड, वनरक्षक आणि फुलवेडी मंडळी जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. मी साताऱ्यात वनस्पतीशास्त्र शिकवतो. काही उत्तरे लांबली आहेत. त्या विषयात घाईने घेतलेल्या निर्णयांची किंमत रोपांना मोजावी लागते, म्हणून तिथे हात आखडता घेतलेला नाही.

जनुकीय मार्कर म्हणजे काय? रोपाला काही टोचता का?

नाही. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची प्रचंड लांब ओळ. एकाच जातीच्या दोन रोपांत ती बहुतेक सगळी सारखीच असते, थोड्याच ठिकाणी फरक पडतो. ज्या ठिकाणचा फरक प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासला तरी तोच येतो, ते ठिकाण म्हणजे मार्कर. आपण फक्त वाचतो. शेतकरी कुटुंबातली मुले हमखास विचारतात, "म्हणजे बीटी कापसासारखं का?" बीटी कापसात बाहेरचे जनुक घातलेले असते. इथे रोपाच्या जनुकांना कोणी हात लावत नाही.

फुले डोळ्यांनी दिसतात, मोजता येतात. मग डीएनए कशाला?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

पावसाळ्यात कासला चवर पाहिली असेल. हळदीसारखी रुंद पाने, हिरवट पांढरे तुरे, आणि उतारच्या उतार तिने भरलेले. जुने नाव हिचेनिया कॉलिना, आता तिला हळदीच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) करकुमा कॉलिना म्हणून ठेवतात. सह्याद्रीच्या या भागाबाहेर ती जगात कुठे नाही. पाहणारा म्हणतो, "एवढी तर आहे, हिला कसला धोका?"

पण चवर जमिनीखाली कंदाने पसरते. एका बीजापासून उगवलेले रोप वर्षानुवर्षे कंद फोडत जाते आणि दरवर्षी नवे कोंब वर काढते. समोर दिसणारे हजार कोंब हजार वेगवेगळ्या बीजांतून आलेले असतील, किंवा मोजक्याच जुन्या रोपांचे फुटवे असतील. दोन्ही दृश्ये डोळ्यांना अगदी एकसारखी दिसतात. पहिल्या बाबतीत त्या उतारावर मोठी विविधता साठलेली आहे. दुसऱ्या बाबतीत एखादी बुरशी आली किंवा पावसाचे वेळापत्रक बदलले, तर सगळा उतार एकाच रोपासारखा वागेल, कारण जनुकांच्या दृष्टीने तो जवळजवळ एकच आहे. आठ-दहा चांगले मार्कर लावले की प्रत्येक कोंबाची खूण मिळते. सगळ्या मार्करवर दोन कोंब तंतोतंत जुळले, तर ते एकाच रोपाचे फुटवे मानायला भक्कम आधार असतो. तेव्हा कुठे आपण कोंबांऐवजी रोपे मोजू लागतो.

दुसरी गोष्ट सड्यांची, म्हणजे कातळी पठारांची. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवरचे कास, तिकडे ठोसेघर-चाळकेवाडीचा सडा, मध्ये उरमोडीचे खोरे. माथ्यावर जांभ्याचा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, पावसात साठणारी उथळ डबकी. खाली उतरले की हे वातावरण संपते. कातळावरच्या डबक्यात वाढणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिस, ज्याच्या नावातच सातारा आहे, तो खोऱ्यातल्या भातखाचरांतून चालत पलीकडच्या सड्यावर जाऊ शकत नाही. मग दोन सड्यांमधल्या समूहांचा परागकणांतून किंवा बियांतून काही संबंध उरला आहे का? की प्रत्येक सडा एकटा पडला आहे? कितीही वर्षे दुर्बीण लावून बसलो तरी याचे उत्तर मिळणार नाही. मार्करमधून मिळते.

मार्करचे किती प्रकार आहेत? कोणते वापरावेत?

महाविद्यालयांत अजूनही सर्वाधिक दिसतात ते आरएपीडी आणि आयएसएसआर; दोन्हींत डीएनएचे तुकडे वाढवून त्यांच्या पट्ट्या पाहतात. आरएपीडीची पद्धत १९९० मध्ये आली. जातीच्या डीएनएची आधी काहीच माहिती नसली तरी चालते आणि खर्च कमी, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण आज केलेला प्रयोग उद्या दुसऱ्या यंत्रावर तसाच येईल याची खात्री देता येत नाही. शिवाय एखाद्या जागी रोपाकडे आईबापांकडून आलेली दोन वेगळी रूपे आहेत की एकाच रूपाच्या दोन प्रती, हे पट्टीवरून कळत नाही. विद्यार्थ्याने हात बसवण्यासाठी आरएपीडी जरूर करावे. पण एखाद्या दुर्मीळ वनस्पतीच्या संवर्धनाचा निर्णय त्यावर उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या कामाला सर्वांत उपयोगी पडतात ते मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे एसएसआर. डीएनएत काही ठिकाणी एक ते सहा अक्षरांचा छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो, जसे एजी-एजी-एजी-एजी. घाईत जपमाळ ओढताना एखादा मणी सुटावा किंवा दोनदा मोजला जावा, तसे पेशीचे नक्कल करणारे यंत्र अशा ठिकाणी घसरते. त्यामुळे कुणाकडे ही आवर्तने बारा असतात, कुणाकडे पंधरा. फरक लवकर साठतात, म्हणून जवळच्या नात्यातली रोपेही वेगळी ओळखता येतात. आणि आईकडून काय आले, बापाकडून काय आले, ही दोन्ही रूपे स्वतंत्र दिसतात.

एसएनपी म्हणजे एकाच अक्षराचा बदल. २००८ च्या सुमारास आलेल्या रॅडसेक आणि २०११ मधल्या जीबीएससारख्या पद्धतींनी एका दमात हजारो एसएनपी मिळतात. पैसा आणि संगणकावर काम करणारा माणूस असेल तर हा मार्ग उत्तम.

हरितलवकाचा डीएनए वेगळाच उपयोगी. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो फक्त आईकडून येतो, म्हणजे बियांबरोबर प्रवास करतो. केंद्रकातला डीएनए परागकणांबरोबरही जातो. दोन्ही एकत्र तपासले की बिया किती दूर गेल्या आणि पराग किती दूर गेले, हे वेगळे काढता येते.

डीएनए बारकोड म्हणजे हेच का?

नाही. बारकोड जात ओळखायला. वनस्पतींसाठी २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅट-के हे हरितलवकातले दोन तुकडे प्रमाण म्हणून सुचवले गेले. सोबत आयटीएस हा केंद्रकातला तुकडाही अनेक जण वापरतात. समोरचे वाळलेले मूळ कोणत्या जातीचे, हे बारकोड सांगेल. एकाच जातीतली दोन रोपे एकमेकांची कोण, हे त्यातून सहसा कळत नाही. कंदीलपुष्पांसारख्या, अलीकडच्या काळात फुटून वेगळ्या झालेल्या जातींत तर बारकोड जात ओळखतानाही अडखळू शकतो.

एखाद्या जातीसाठी मार्कर पहिल्यापासून तयार कसे करतात?

कोवळे पान घेतात आणि लगेच सिलिका जेलमध्ये वाळवतात. हे जितक्या लवकर होईल तितके चांगले. कासच्या पावसात ओले पान प्लॅस्टिकच्या पिशवीत दिवसभर राहिले, तर डीएनए कुजतो आणि पुढचे सगळे वाया जाते.

मग डीएनए काढायचा. १९८७ पासून प्रचलित असलेली सीटॅब पद्धत आजही भरवशाची आहे. रानवनस्पतींचा खरा त्रास इथे असतो. मांसल पानांत आणि कंदवर्गीय वनस्पतींत चिकट शर्करा खूप असतात. नळीत डीएनएऐवजी बुळबुळीत गोळा हाती येतो. औषधी झाडांत फेनॉलयुक्त द्रव्ये असतात, त्यांनी अर्क तपकिरी होतो आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, बंद पडते. मिठाचे प्रमाण वाढवणे, फेनॉल शोषून घेणारे पीव्हीपी घालणे, धुण्याची एक पायरी वाढवणे, असे करत प्रत्येक जातीसाठी पद्धत बसवावी लागते. पुस्तकातली कृती जशीच्या तशी लागू पडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

शुद्ध डीएनए मिळाला की एक-दोन रोपांचे कमी खोलीचे सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे वरवरचे वाचन, करतात. पूर्ण जीनोम जुळवायची गरज नसते. संगणक त्या तुकड्यांतून आवर्तने शोधतो. आवर्तनाच्या दोन्ही बाजूंचा भाग स्थिर असेल तर तिथे साधारण १८ ते २२ अक्षरांचे प्रायमर, म्हणजे प्रती काढायला जिथून सुरुवात होते ते छोटे डीएनए-तुकडे, आखतात. ४०-५० जोड्या मागवून आधी मोजक्या रोपांवर तपासतात. काही चालतच नाहीत. काही सगळीकडे एकच रूप दाखवतात, म्हणजे निरुपयोगी. काही तीन-चार पट्ट्या देतात. तिथे गुणसूत्रांचे संच दोनापेक्षा जास्त आहेत का, ही शंका घ्यावी लागते. शेवटी दहा-पंधरा भरवशाच्या जोड्या हाती राहिल्या तर काम चांगले झाले असे मी मानतो. त्यांना रंगद्रव्य जोडून केशनलिका यंत्रावर अचूक लांबी मोजली जाते.

सांगलीच्या हळदीवर एवढे संशोधन झाले आहे. तेच मार्कर चवरला चालणार नाहीत का?

करून पाहण्यासारखे नक्कीच आहे. जवळच्या जातीचे प्रायमर दुसऱ्या जातीत चालणे ही नेहमीची गोष्ट, आणि हळद व चवर एकाच प्रजातीतल्या. सुरुवातीचा खर्च बराच वाचतो.

पण दोन अडचणी लक्षात ठेवाव्या लागतात. लागवडीची हळद त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ६३ गुणसूत्रे, म्हणून ती बीजावर नव्हे तर कंदावर चालते. हळदीत पाहिलेला मार्करचा स्वभाव चवरमध्ये तसाच असेल असे धरू नये. दुसरी अडचण जास्त फसवी. परक्या जातीचा प्रायमर काही रोपांत नीट बसत नाही आणि एक रूप दिसतच नाही. मग रोप प्रत्यक्षात दोन रूपांचे असूनही एकाच रूपाचे भासते. याला नल अॅलील म्हणतात. ते ओळखले नाही तर समूहात अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या रोपांचा संकर, झाल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून उसने मार्करही नव्यासारखेच पारखून घ्यावेत.

हळदीचे आणि चवरचे हे नाते मला दुसऱ्या कारणासाठीही मोलाचे वाटते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या रानटी नातेवाईकाचे घर शेजारच्या जिल्ह्यातल्या सड्यांवर आहे. पिकांच्या रानटी नातलगांत रोग आणि दुष्काळ सोसणारी जनुके असू शकतात, म्हणून जगभर त्यांना जपले जाते. सांगलीच्या हळद उत्पादकांनीही कासकडे त्या नजरेने पाहावे असे मनापासून वाटते.

किती रोपांचे नमुने लागतात?

एसएसआरसाठी एका समूहातून साधारण २० ते ३० रोपे. कंदाने पसरणाऱ्या जातीत अंतर राखून घ्यावीत, नाहीतर एकाच रोपाचे फुटवे पुन्हा पुन्हा तपासले जातात. जिथे एकूण रोपेच पंधरा आहेत, तिथे पंधराही पुरतात. ते सगळेच आहेत.

नमुन्यासाठी दुर्मीळ रोप उपटता का?

मुळीच नाही. पानाचा नखाएवढा तुकडा पुरतो. काही वनस्पतींना हंगामात एकच पान असते, तिथे त्याच्या टोकाची कात्रणच घ्यावी. फूल, फळ आणि कंद यांना हात लावायचा नाही. ओळखीचा पुरावा म्हणून वाळवलेला नमुना वनस्पतीसंग्रहात ठेवावा लागतो. अतिदुर्मीळ जातीत त्याऐवजी नीट छायाचित्रे आणि संग्रहातले जुने नमुने यांवर भागवणे मला योग्य वाटते.

परवानगी लागते का?

लागते. वनक्षेत्रात वन विभागाची लेखी परवानगी, मग ते कास असो की चांदोली. २००२ चा जैविक विविधता कायदा वेगळा लागू होतो. परदेशी संस्था सहभागी असेल किंवा नमुने बाहेर जाणार असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी भेटा. आमच्या भागात कोणते फूल कुठे येते हे गुराख्यांइतके कुणाला माहीत नाही, आणि गावाला विश्वासात न घेता केलेले काम पुढे टिकत नाही.

निष्कर्षातले आकडे कसे वाचायचे?

विषमयुग्मकता, म्हणजे एका जागी दोन वेगळी रूपे असण्याचे प्रमाण, जास्त म्हणजे विविधता जास्त, इतके सोपे धरून सुरुवात करा. एफएसटी हा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान असतो. शून्याजवळ असेल तर समूह एकमेकांत मिसळलेले, वाढत गेला तर वेगळे पडलेले.

इथे एक सापळा आहे. बहुवर्षायू वनस्पतींत आजची रोपे बऱ्याच जुन्या काळातल्या परागीभवनातून आलेली असतात. रस्ता, हॉटेले, पवनचक्क्या यांनी सडा कालपरवा तुटला असेल, तर मार्कर अजूनही "सगळे ठीक आहे" असे सांगतील. म्हणून जुनी रोपे आणि नवी रोपटी वेगवेगळी तपासावीत. नव्या पिढीत विविधता घसरलेली दिसली, तर तो खरा इशारा. सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलणाऱ्या कारवीसारख्या वनस्पतीत तर हे फार जपून करावे लागते, कारण एका ठिकाणची बहुतेक झाडे एकाच वयाची असतात.

तिसरा आकडा म्हणजे परिणामकारक संख्या: पुढच्या पिढीला प्रत्यक्षात जनुके देणाऱ्या रोपांचा हिशोब. डिसेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता आराखड्यात ही संख्या ५०० च्या वर असलेल्या समूहांचे प्रमाण हा जागतिक निर्देशक मानला आहे. डोंगरावर पाच हजार कोंब दिसत असले तरी हा आकडा शंभराच्या आत असू शकतो.

शिंदळ माकुडीची रोपे रोपवाटिकेत सहज होतात. मग ती कड्यांवर लावून टाकू का?

कृपया घाईने लावू नका.

फ्रेरिया इंडिका, हिलाच शिंदळ माकुडी म्हणतात, फक्त महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत आणि तेही कड्याकपारींत सापडते. सज्जनगडाच्या कड्यावर तिची नोंद आहे, शिवनेरीवर आहे, पुरंदरच्या परिसरात आहे. डालझेलने तिचे नाव बार्टल फ्रेअर यांच्यावरून ठेवले, जे मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, होते. मांसल खोडाचा तुकडा खोचला की ती रुजते, म्हणून बागांत ती भरपूर वाढवली जाते.

अडचण नेमकी त्या सोपेपणात आहे. एका रोपाचे पाचशे तुकडे लावले तरी जनुकांच्या हिशोबात ते एकच रोप. पुण्याकडच्या एखाद्या किल्ल्यावरच्या रोपाचे तुकडे सज्जनगडावर लावले, तर हजारो वर्षे आपापल्या कड्यावर घडलेले दोन समूह नोंदीशिवाय मिसळून जातील. कधी कधी मिसळणे गरजेचेही असते: एखादा समूह इतका लहान होतो की बीच धरत नाही, तेव्हा बाहेरचे पराग हा त्याचा आधार असतो. पण कोणत्या कड्याला ही गरज आहे आणि कोणत्या कड्याला नाही, हे आधी मार्करने तपासावे. तोपर्यंत रोपवाटिकेतल्या प्रत्येक कुंडीवर ते कोणत्या ठिकाणच्या कोणत्या रोपाचे, याची चिठ्ठी असावी. ती चिठ्ठी हरवली की ते रोप संवर्धनाच्या कामातून बाद होते, शोभेपुरते उरते.

नरक्याची तस्करी पकडायला याचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात. नरक्या, नोथापोडायटस निमोनियाना, यातून कॅम्प्टोथेसिन मिळते आणि त्यापासून कर्करोगावरची टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधे बनतात. त्यामुळे महाबळेश्वरपासून चांदोलीपर्यंतच्या जंगलांत या झाडावर कुऱ्हाड चालली. जप्त केलेले लाकूड नरक्याचेच आहे हे बारकोडने सांगता येते. ते कोणत्या जंगलातले, हे सांगायचे तर आधी प्रत्येक जंगलातल्या नरक्याची मार्कर-नोंद तयार असायला हवी, आणि त्या जंगलांमध्ये पुरेसा फरकही असायला हवा. वाळलेल्या लाकडातला डीएनए तुटलेला असतो, म्हणून लहान लांबीचे मार्कर निवडावे लागतात. हे काम आधी करून ठेवण्याचे आहे. ट्रक पकडल्यावर सुरू केले तर उशीर झालेला असतो.

मार्कर तयार झाले, शोधनिबंध छापला. पुढे काय?

बहुतेक ठिकाणी पुढे काही होत नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. शोधनिबंध वनरक्षकापर्यंत पोचत नाही. प्रत्येक अभ्यासातून निदान एक पानाची मराठी टिपणी वन विभागाला आणि गावच्या समितीला द्यावी: कोणत्या सड्यावरचा समूह सर्वांत वेगळा, कुठली विविधता घसरते आहे, बिया कुठून आणि किती रोपांकडून गोळा कराव्यात. बियांसाठी साधारण ५० वेगवेगळ्या रोपांचे प्रमाण धरतात. एकाच झुडपावर भरघोस शेंगा दिसल्या म्हणून तिथेच पिशवी भरू नये.

कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. तिथे सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत असे सांगितले जाते. त्यातल्या फार थोड्यांचे मार्कर झाले आहेत. सगळ्या जातींचे करायची गरजही नाही. कातळाच्या डबक्यातली एक, कंदाने पसरणारी एक, कड्यावरची एक, अशा निवडक जातींपासून सुरुवात केली तरी सड्यांच्या जोडणीचे बरेच चित्र उभे राहील.

मी एमएस्सीचा विद्यार्थी आहे. पैसे नाहीत. काही करता येईल?

येईल. एनसीबीआय या अमेरिकन संस्थेच्या खुल्या संग्रहात हजारो वनस्पतींचे सिक्वेन्सिंग पडून आहे. तुमच्या जातीच्या जवळच्या नातलगाचे मिळाले तर घरच्या संगणकावर आवर्तने शोधता येतात, प्रायमर आखता येतात. ही साधने मोफत आहेत. प्रयोगासाठी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था अशा ठिकाणी मार्गदर्शक शोधा. त्याआधी एक हंगाम फक्त सड्यावर घालवा. जात नीट ओळखता येत नसेल तर डीएनए कितीही शुद्ध काढला तरी उपयोग नाही.

आम्ही फिरायला येतो. एखादे पान आणून देऊ का?

नको. फुलाचे, पानाचे आणि आजूबाजूच्या जागेचे छायाचित्र काढा, तारीख लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जात दुर्मीळ निघाली तर नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. छायाचित्रातली जागेची नोंदही बंद ठेवा. कंदीलपुष्पांचे कंद खणून नेणारे लोक अशाच पोस्टवरून पत्ता काढतात.